पाव टक्का, पाव किलो

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी चार वाजता देशातली महागाई जवळजवळ संपली. उरली ती फक्त पाव टक्का. ऑक्टोबरचा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के, २०१२ पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेतला नीचांक, असं सांख्यिकी मंत्रालयाने जाहीर केलं. वाहिन्यांवर बाण खाली गेले, चर्चेला बसलेले तज्ज्ञ पहिल्यांदाच एकमेकांशी सहमत झाले. एवढी चांगली बातमी शिळी होऊ देणं बरं नव्हे, म्हणून पिशवी घेऊन मंडई गाठली.

“गवार कशी?”

“चाळीस.”

“किलो?”

भाजीवाल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पाव.”

गेल्या काही वर्षांत केव्हातरी भाजीबाजाराने परस्पर एकक बदलून टाकलं आहे. पूर्वी भाव किलोचा सांगत आणि घेणारा ‘अर्धा द्या’ म्हणे. आता भावच पावाचा. यासाठी ना समिती बसली, ना राजपत्र निघालं. किलोचा भाव विचारणारा माणूस एकतर केटरर असतो, नाहीतर कालच अमेरिकेहून उतरलेला. शिवाय पिशवीत वरून पडणाऱ्या कोथिंबिरीच्या चार काड्या आणि कढीपत्त्याची डहाळीही बंद झाली. या काड्यांना कधी किंमत नव्हतीच, त्यामुळे त्या बंद झाल्याने निर्देशांकाचा केसही हलला नाही.

“पण बाई, महागाई पाव टक्क्यावर आली म्हणतात.”

“मग मी पण पावच देतेय की.”

इथे सरकार धादांत खोटं बोलतंय असं लिहून मोकळं होण्याची सोय आहे. पण तसं नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे. आकडा अगदी प्रामाणिकपणे काढलेला असतो. जुन्या मालिकेसाठी १,११४ शहरी बाजारांतून आणि १,१८१ गावांतून २९९ वस्तू-सेवांचे भाव गोळा होत. ठरलेलं दुकान, ठरलेला वाण, ठरलेलं वजन. इतक्या निष्ठेने आपण सख्ख्या मामाकडेसुद्धा जात नाही. हे सगळे भाव आणून एका माणसाच्या पिशवीत भरतात आणि त्याची पिशवी किती जड झाली ते बघतात. अडचण एवढीच की तो माणूस आपण नसतो.

तो असतो सरासरी भारतीय. आपण त्याला श्री. सरासरे म्हणू.

२०११-१२ च्या खर्च पाहणीतून सरासऱ्यांचा जन्म झाला आणि २०२५ संपेपर्यंत त्यांनी आपली एकही सवय बदलली नाही. त्यांच्या शंभरातले ४५ रुपये ८६ पैसे खाण्यापिण्यावर जात. पान, तंबाखू आणि दारू मिळून २ रुपये ३८ पैसे. हे व्यसन इतकं बेतशीर की कुटुंबात तक्रार व्हायला जागा नाही. घराला १० रुपये ७ पैसे. वाकडमध्ये किंवा डोंबिवलीत भाड्याने राहणाऱ्यांनी हा आकडा वाचून लगेच सरासऱ्यांचा पत्ता विचारू नये. त्या मालिकेत खेड्यातलं घरभाडं धरतच नसत, शहरातल्याचं वजन २१.६७, दोन्हीची मोट बांधली की दहा उरतात. म्हणजे सरासरे अर्धे गावाकडे राहतात, अर्धे शहरात, आणि मधला भाग बहुधा एसटीत असतो.

मुलांच्या शिक्षणाला साडेचार रुपयेही नाहीत. ‘इमारत निधी’ नावाची पावती त्यांच्या नावे कधी फाटलेली नसावी. मनोरंजनासाठी मात्र ते २०२५ सालीही व्हीसीआर-डीव्हीडी प्लेअर आणि कॅसेटींचे भाव विचारत हिंडत होते. दुकानदार त्यांना काय उत्तर देत असतील, याची नोंद सरकारी तक्त्यात सापडत नाही.

त्यांच्या घराची आणखी एक कथा आहे. २०१७ मध्ये सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता वाढला. भत्ता वाढला म्हणून निर्देशांकात घर महागलं आणि घर महागलं म्हणून महागाईचा दर चढला. रिझर्व्ह बँकेला मग कित्येक महिने ‘भत्त्याचा परिणाम वगळून’ वेगळा आकडा सांगत बसावं लागलं. सरकारने आपल्याच नोकराला चार पैसे जास्त दिले आणि पंचनाम्यात भाववाढ निघाली.

आता त्या पाव टक्क्याकडे येऊ. दर पाव टक्का झाला म्हणजे माळ्यावर चढून बसलेला पाहुणा आणखी वर चढेना, एवढंच. खाली तो उतरलेला नाही. त्याच ऑक्टोबरच्या त्याच तक्त्यात आणखी एक आकडा होता: १९७.३. म्हणजे २०१२ साली जे शंभर रुपयांत येत होतं, त्याला आता १९७ रुपये पडतात, हे सरकारनेच सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. वाण्याशी भांडणाऱ्या तमाम गृहिणींचं म्हणणं याहून वेगळं काय होतं? पण १९७.३ ची कोणी ब्रेकिंग न्यूज करत नाही.

भाजी खरंच उतरली होती, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरली. शंभराचे १४२ झाले आणि १४२ चे पुन्हा १०३. भाजी फिरून जवळपास मूळ जागी आली आणि या प्रदक्षिणेबद्दल दिल्लीत पाठ थोपटून घेतली गेली.

ती उतरली कोणाच्या जिवावर, हे विचारायला लासलगावला जावं लागतं. त्या हंगामात तिथे कांद्याला जो भाव मिळाला त्यात काढणी आणि वाहतूकसुद्धा भागत नव्हती. तूर हमीभावाच्या खाली, सोयाबीन हमीभावाच्या खाली, आणि मराठवाड्यात सप्टेंबरच्या पुराने माती वाहून गेलेली. तज्ज्ञ ज्याला ‘अन्नधान्य महागाईतील दिलासादायक घसरण’ म्हणतात, त्याला येवला-निफाडकडे वेगळा शब्द आहे आणि तो कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात छापता येत नाही. शेतकऱ्याने सोसलेली ही स्वस्ताई निदान पुण्या-मुंबईच्या ताटात तरी पडावी? जुलै २०२३ मध्ये टोमॅटो दीडशे-दोनशे रुपये किलो झाला तेव्हा हॉटेलांच्या भिंतींवर पाट्या लागल्या: ‘भाज्यांचे दर वाढल्यामुळे नाइलाजास्तव...’ टोमॅटो उतरून जमाना झाला. नाइलाज अजून भिंतीवर आहे.

लोकांना काय वाटतं हे सरकारी दरबारी कोणी विचारत नाही, असा एक गैरसमज आहे. रिझर्व्ह बँक विचारते, दर दोन महिन्यांनी, शहरांतल्या घरोघरी. नोव्हेंबर २०२५ च्या पाहणीत लोकांनी सांगितलं, आम्हाला सध्या महागाई ६.६ टक्के वाटते. एकीकडे पाव, दुसरीकडे साडेसहाच्या वर. अर्थशास्त्रात पहिल्याला वास्तव म्हणतात आणि दुसऱ्याला धारणा. पैसे मात्र धारणेच्या खिशातून जातात.

बँकेचंही काम सोपं नाही म्हणा. २०१६ पासून तिला कायद्याने चार टक्क्यांचं उद्दिष्ट दिलंय, दोन इकडे-तिकडे चालतात. २०२२ मध्ये सलग तीन तिमाह्या दर सहाच्या वर राहिला, तेव्हा कायद्याप्रमाणे बँकेला सरकारला पत्र लिहून कारणं द्यावी लागली. पत्र गेलं. ते काही जनतेसमोर आलं नाही. ज्यांच्या पिशवीवरून हा पत्रव्यवहार झाला, त्यांनाच तेवढं वाचता आलेलं नाही.

मग २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात एक मार्ग सुचवला गेला: उद्दिष्ट ठरवताना अन्नपदार्थ वगळता येतील का, ते पाहावं. तर्क अगदीच टाकाऊ नाही. व्याजदर वाढवल्याने वेलीला टोमॅटो लागत नाहीत, हे कोणीही मान्य करील. तरीपण महिनाअखेरीला घरी हिशेब मांडताना एकदा हा प्रयोग करून पाहावा. किराणा, दूध आणि भाजी वगळली तर आमच्याही घरात अर्थव्यवस्था अत्यंत सुदृढ आहे.

फेब्रुवारी २०२६ मध्ये जुने सरासरे निवृत्त झाले. २०२४ पायाभूत वर्ष धरून नवी मालिका आली आणि त्यातले सरासरे एकदम आधुनिक आहेत. कॅसेट टाकली, ओटीटी घेतलं, गावाकडचं भाडंही भरायला लागले. खाण्यावर आता शंभरातले फक्त ३६ रुपये ७५ पैसे. माणूस सुधारला की खाण्यावरचा वाटा घटतो, हा जगन्मान्य नियम आहे. पण २०२३-२४ च्या ज्या पाहणीतून हे नवे सरासरे काढले, तिच्यातच खेड्यातल्या कुटुंबाचे शंभरातले ४७ रुपये अजून अन्नावर जाताना दिसतात. मोजायच्या पद्धती वेगळ्या, मान्य. एवढंच की यापुढे कांदा भडकला तरी आकडा पूर्वीइतका भडकणार नाही. आणि हो, काटाही शून्यावर आणला गेला: आता २०२४ बरोबर शंभर. ते १९७ दफ्तरी दाखल झाले. नव्या मालिकेचा पहिला दर, जानेवारीचा, २.७५ टक्के.

मुंबईच्या गिरणी कामगाराला या विषयावर शिकवणी लागत नसे. त्याचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला होता, त्यामुळे आकड्यात एक अंक इकडचा तिकडे झाला की चुलीवर परिणाम दिसे. १९६३ मध्ये निर्देशांकच कमी दाखवला जातोय, म्हणून कामगार रस्त्यावर उतरले. सरकारला प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली आणि समितीने आकड्यात दुरुस्ती सुचवली. निर्देशांकासाठी बंद पाळणारं शहर! आज लोक बंद पाळतात ते इंटरनेट गेलं की.

आमच्या शेजारचे नाना मात्र त्या परंपरेतले शेवटचे पाईक आहेत. केंद्र सरकारातून निवृत्त. त्यांचा आकडा दिल्लीचा नव्हे, कामगार मंत्रालयाच्या सिमल्याच्या लेबर ब्युरोचा, औद्योगिक कामगारांसाठीचा. औद्योगिक कामगार फारसे उरले नसले तरी त्यांचा निर्देशांक नानांना पोसतो. जुलै २०२५ मध्ये महागाई भत्ता ५८ टक्के झाला. याचा सरळ अर्थ, २०१६ च्या सुरुवातीपासून भाव ५८ टक्के वाढले, हे सरकार नानांपुरतं मान्य करतं आणि रोख भरपाईही देतं. महागाई वाढली की नाना खुशीत असतात. तूरडाळ भडकली तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटले होते. त्यांचे धाकटे बंधू खासगी कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या पेन्शन योजनेत किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये हजार रुपये ठरली, ती आजही हजारच. सरकारच्याच निर्देशांकाने भागलं तर त्या हजाराचे सहाशेच्या आसपास उरतात. बंधूंसाठी कोणी भाव गोळा करत नाही.

मार्चमध्ये नानांकडच्या कामवाल्या मावशींनी दोनशे रुपये वाढवून मागितले. पगार पंधराशे. नानांनी चष्मा लावला, वर्तमानपत्रातला आकडा दाखवला.

“पावणेतीन टक्के महागाई आहे, मावशी. तुमचे होतात एक्केचाळीस रुपये पंचवीस पैसे. मी पन्नास देतो, चला.”

मावशींनी वाद घातला नाही. पन्नास घेतले. तेव्हापासून नानांकडची फरशी दिवसाआड पुसली जाते, आणि सोफ्याखालची अजिबात नाही. सिमल्याला अजून याची नोंद झालेली नाही.