जुन्यात चालतं का?

आमच्या साजगावात कार्तिकी एकादशीला बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. वर विठोबा आणि खाली सुक्या मासळीचा बाजार. या दोघांचं इतकी वर्षं पटतं, तर नव्या फाइलला जुनी आवृत्ती का सोसू नये, असा आमच्या काकांचा सवाल आहे.

काका खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि लिब्रेऑफिसच्या नादाला लागले. ही कागदपत्रं लिहायची फुकट आणि मुक्त प्रणाली. तिची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास येते. नवीन काय आलं, याची चौकशी इतर लोक करतात. काका विचारतात, "जुन्यात चालतं का?" माळ्यावर त्यांनी पाच संगणक पाळलेत. त्यातला सगळ्यात वडीलधारा विंडोज एक्सपीवर चालतो. त्याला 5.4 च्या पुढची आवृत्ती चढत नाही, कारण 2018 साली 6.0 आली आणि एक्सपीचा आधार सुटला. त्या दिवशी काका जेवले नाहीत, असं काकू सांगतात. (जेवले होते. भात घेतला नव्हता, एवढंच.)

तपासणीसाठी त्यांनी एक पान केलंय. नव्या आवृत्तीत उघडायचं, साठवायचं, जुनीत उघडायचं, पुन्हा साठवायचं, परत नवीत आणायचं. पानावर निवडक आडमुठे शब्द: 'ॲड.', 'दऱ्या', 'दर्या', 'आचाऱ्याला'. यातला 'ॲ' युनिकोडमध्ये 2008 साली आला. एक्सपी त्याच्या आधीचा, म्हणून तिथे वकिलांच्या नावापुढे चौकोनी डबा दिसतो. उलट, जुन्या लोकांनी 'अ' वर चंद्र ठेवून केलेला 'अॅ' दिसायला तसाच, पण शोधायला गेलं की सापडत नाही. आणि 'ऱ्या'? तो बरेचदा एका अदृश्य चिन्हाच्या जिवावर उभा असतो. ते गळलं की डोंगरातल्या दऱ्यांचा थेट दर्या होतो. एकदा भंडाऱ्याचा जुना हिशेब कुणीतरी कुठल्याशा कन्व्हर्टरमधून काढला, तेव्हा आचाऱ्याला दिलेले पैसे आचार्याला दिल्याचं छापून आलं. कोण हे आचार्य, यावर तीन बैठका झाल्या. तिन्हींत चहा होता.

बिघाड सापडला की काका तक्रार लिहितात. त्यांचं इंग्रजी कारखान्यातल्या शिफ्टच्या रजिस्टरचं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्यापलीकडे एक शब्द नाही. परदेशातल्या प्रोग्रॅमरांना ते फार आवडतं म्हणे. मग कोणत्या बदलाने घोळ केला, ते हुडकायचं.

"हजारभर बदलांतून?" मी विचारलं.

"टाकीतून नळाला पाणी येत नाही, तर सगळा पाइप खोदतोस का? मधोमध बघायचं. तिथे पाणी आहे? मग गळती पुढे. नाही? मग मागे. पुन्हा अर्धं. हजाराला दहा खेपा पुरतात." मोजून बघितलं. दहाच पुरतात.

घरात मात्र या तत्त्वाची फार आबाळ आहे. गेल्या दिवाळीत नवा मिक्सर आला. जुन्याचं चटणीचं भांडं त्यावर बसेना. काकांनी भांडं पिशवीत घालून दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, मॉडेल बदललंय. काका म्हणाले, "मॉडेल बदललं, चटणी बदलली का?"

"अहो, नवं भांडं सोबत आलंय की!" काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"प्रश्न भांड्याचा नाही," असं काका म्हणाले, आणि जुना मिक्सरही माळ्यावर गेला. आता तिथे सहा यंत्रं आहेत.

परवा निघताना मी वेळ बघायला मोबाइल काढला. काकांची नजर त्यावर खिळली.

"किती जुना?"

"सात वर्षं. स्क्रीन तडकलीय, बदलायचाच आहे."

"अपडेट?"

"चार वर्षांपूर्वी बंद झाले."

काकांनी चष्मा पुसला आणि शेजारच्या घरची सोयरीक विचारावी तशा हळू आवाजात म्हणाले, "दोन दिवस ठेवून जातोस?"