आमच्याकडे स्टार्ट बटण नाही

लिनक्सवाले काका ओळखायला त्यांचा लॅपटॉप उघडावा लागत नाही. झाकणावर लिनक्सचा गुबगुबीत पेंग्विन असतो. उघडलाच, तर कीबोर्डवरची विंडोजची खूणही दिसत नाही. तिच्यावर दुसरा, नखाएवढा पेंग्विन चिकटवलेला असतो. वय साठीच्या आसपास, व्हीआरएस घेतलेली, पुण्यात असतील तर मुक्काम कोथरूड किंवा कर्वेनगर. माणूस अतिशय गोड. फक्त त्यांच्यासमोर कॉम्प्युटरबद्दल कुरकुर करायची नसते.

सकाळच्या चहाबरोबर काका कुठल्या तरी सॉफ्टवेअर कंपनीला मेल लिहितात. 'आपले उत्पादन मला विकत घ्यायचे आहे. पैसे आगाऊ भरतो. कृपया ते लिनक्ससाठी काढावे.' आयुष्यभर फुकट सॉफ्टवेअरचा पुरस्कार केलेला माणूस पैसे घ्या म्हणून मागे लागतो आणि धंद्याला बसलेली कंपनी नको म्हणते, असा व्यवहार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. यथावकाश उत्तर येतं, 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे.' हा विभाग कुठल्या मजल्यावर आहे, ते त्या कंपनीतही कुणाला ठाऊक नसावं.

मेलने भागलं नाही की फोन.

"सर, स्टार्ट बटणावर क्लिक करा."

"माझ्याकडे स्टार्ट बटण नाही."

"मग सर, आधी कॉम्प्युटर चालू करा."

काका चिडत नाहीत. ते त्या पोराला 1991पासून सांगायला घेतात. हेलसिंकी, लिनस टॉरवल्ड्स नावाचा विद्यार्थी, त्याने लिहिलेला कर्नल... "सर, आपण आर्मीत होतात का?" पोरगा अदबीने विचारतो.

कंपन्या म्हणतात, डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे शंभरात जेमतेम चार-पाच, त्यांच्यासाठी वेगळी माणसं कुठून नेमायची? काका म्हणतात, तुम्ही काही काढत नाही म्हणून तर लोक येत नाहीत! दोन्ही बाजू खरं बोलतात, त्यामुळे भांडण मिटत नाही. मग काका हुकमी पान टाकतात. जगातले पहिले पाचशे महासंगणक 2017पासून झाडून सगळे लिनक्सवर चालतात! "बाबा, त्यांना सोसायटीचा हिशेब लिहावा लागत नाही," मुलगी स्वयंपाकघरातून म्हणते. तो हिशेब काकाही विंडोजवरच लिहितात. डिस्कच्या एका कोपऱ्यात ते ठेवलेलं असतं. का, असं विचारलं तर "स्कॅनरपुरतं" असं उत्तर मिळतं.

काकांच्या स्मरणशक्तीला तोड नाही. गूगल ड्राइव्ह 24 एप्रिल 2012ला आलं आणि त्याचं लिनक्सवरचं अधिकृत ॲप अजून यायचंय, हे ते दर एप्रिलमध्ये आठवणीने सांगतात. उलट 2007मध्ये अमेरिकेत डेलने ग्राहकांकडे सूचना मागितल्या, तेव्हा ही जमात अशी तुटून पडली की कंपनीने खरोखरच उबुंटू नावाचं लिनक्स घातलेले कॉम्प्युटर विकायला काढले. तो किस्सा काका लॉर्ड्सवरच्या 1983च्या फायनलसारखा सांगतात, चेंडूगणिक.

खरी पंचाईत होते ती कंपनीने होकार दिल्यावर. मध्यंतरी एका कंपनीने लिनक्सची आवृत्ती काढली. मी अभिनंदनाला गेलो, तर काकांचा चेहरा पडलेला. "उबुंटूपुरतीच काढलीय. मी फेडोरावाला." पुढे फेडोराचीही आली. "पण सोर्स कोड दाखवत नाहीत. न बघता आपल्या मशीनवर कसं घ्यायचं?" ते सॉफ्टवेअर काकांनी आजतागायत वापरलेलं नाही. नवा मेल मात्र त्याच दिवशी गेला.

तरी काकांना हसणाऱ्यांची आता अडचण झाली आहे. 14 ऑक्टोबर 2025ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि धडधाकट जुने लॅपटॉप विंडोज 11 घेईनात. सोसायटीतले लोक एकेक करून पिशवीत लॅपटॉप घालून काकांकडे जाऊ लागले. काकांनी एकालाही बोलून दाखवलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. महिन्याभरात दुसऱ्या मजल्यावरचे देशपांडे जिन्यात फोनवर ओरडत होते, "अहो, लिनक्सवर का नाही चालत तुमचं?"

तुमच्याकडे असा लॅपटॉप पडून असेल तर जरूर घेऊन जा. काका एक पैसा घेत नाहीत. संध्याकाळ मात्र मोकळी ठेवा, आणि पेन बरोबर न्या. निघताना एका निवेदनावर सही करावी लागते.