टेलचा प्रवासी

पाठीवर नातवाचं जुनं दप्तर, दप्तरावर उडी घ्यायच्या बेतात असलेला स्पायडरमॅन, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी आणि हातात रात्री दारं धरायला नेतात ती लांब बॅटरी. एवढ्या खुणा जुळल्या की समजावं, इंदापूरच्या बाजूचा टेलचा माणूस फिरायला निघाला आहे. त्याला आप्पा म्हणायला हरकत नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावर कुठल्याही फाट्यावर उतरून ‘आप्पा’ अशी हाक मारा, चार जण वळून बघतील. त्यातला एक हा असतोच.

टेल म्हणजे कालव्याचा शेवट. नीरा डावा कालवा वीर धरणापासून निघतो, पुरंदरमधून येतो, बारामती भिजवतो आणि इंदापूर तालुक्यात शिरेपर्यंत त्यात पाण्यापेक्षा आश्वासनंच जास्त वाहत असतात. पुण्याकडून येणाऱ्या खडकवासल्याच्या कालव्याचं टेलही इंदापूरच. आवर्तन कधी सुटणार, सुटलं तर कुठवर आलं, आणि आलं म्हणतात तर मग चारी कोरडी का, एवढ्यावरच या माणसाचा जन्म गेला. रेडिओवर बातम्या लागल्या तरी तो धरणांच्या टक्केवारीपुरता कान देतो. बाकीचं जग त्याच्या लेखी कोरडवाहू.

तरीही तो फिरतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि पंढरपूर, जेजुरी व सासुरवाडी यांपलीकडे न गेलेली माणसं एकाएकी महाराष्ट्र बघायला निघाली. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. आप्पा ते चार घड्या करून टोपीत ठेवतो, कारण रुपये शून्य असले तरी कागद सरकारी आहे. सोबत तात्या असतात. तात्यांना एकाहत्तरावं, म्हणून अर्धं तिकीट. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं चार वर्षं कमी लावली, असं तात्यांचं म्हणणं. त्या चार वर्षांचा नोकरीत फायदा झाला, आता एसटी वसूल करते आहे. “आजून पिकायचाय तू,” असं आप्पा दर तिकिटाला ऐकवतो. बायकांना २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं तिकीट आहे, पण काकी, म्हणजे आप्पाची बायको, बरोबर येत नाहीत. त्या त्याच सवलतीत बहिणीकडे जातात आणि चार दिवस पाण्याचा विषय न निघणाऱ्या घरात राहतात.

आजची तरुण मंडळी ज्याला बॅकपॅकिंग म्हणतात ते आप्पाला नवं नाही. तुकोबांची पालखी दारावरून जाते. बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी वाट त्याच्या पायांना पाठ आहे. पाठीवर पडशी, पायात वहाण, मुक्कामाला मिळेल ती पडवी. फरक इतकाच की वारीत पुढे विठ्ठल असतो आणि या फिरण्यात पुढे काय आहे ते आप्पाला आधी ठरवावं लागतं. गेल्या खेपेला त्यानं ठरवलं, कोयनेचं पाणी कुठं जातं ते बघायचं.

कोकण बघायचं, समुद्र बघायचा, असलं काही नाही. कोयनेच्या १०५ टीएमसीचं पुढं काय होतं हा प्रश्न त्याला लग्नाच्याही आधीपासून छळतो आहे. घाटमाथ्यावर अडवलेलं हे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवतात, त्यावर वीज करतात आणि मग ते वाशिष्ठी नदीत सोडून देतात. कृष्णा लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलेले. हा आकडा आप्पाला मुलाच्या जन्मतारखेपेक्षा पक्का पाठ आहे. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते, आणि त्या खाडीच्या दक्षिणेला गुहागर तालुका. मग निघाले दोघं, फलटण, सातारा, चिपळूण अशा गाड्या बदलत.

अशा माणसाशेजारी बसून प्रवास करणं ही एक शिक्षाच आहे, पण शिकवणारी शिक्षा. रस्त्यातला प्रत्येक पूल तो उठून बघतो. पुलाखाली पाणी असेल तर “कुठल्या धरणाचं?” आणि नसेल तर “अडवलं वाटतं वर.” पाटणच्या पुढं दोन्हीकडे हिरवे डोंगर लागले, गाडीतल्या पोरांनी मोबाइल बाहेर काढले, आणि आप्पा म्हणाला, “पडीक हाय सगळं.” कोयनानगरला मात्र तो गंभीर झाला. त्यानं टोपी सारखी केली आणि तात्यांना सांगितलं, “हे एकशेपाच. आपली उजनी एकशेसतरा.” आवाजात असा अभिमान, की उजनी यानंच बांधली. खरं म्हणजे उजनीच्या ११७ टीएमसीपैकी सुमारे ६३ मृतसाठा, निम्म्याहून जास्त. पण इंदापूरच्या काठावरच्या मोटारींना मृत काय नि जिवंत काय, त्यांचा फुटबॉल, म्हणजे फुटव्हॉल्व्ह, बुडतो तोवर पाणी जिवंतच.

कुंभार्ली घाट उतरताना तात्यांना मळमळलं. आप्पाला नाही, तो वळणावळणाला पाणी कुठून खाली आलं असेल त्याचा अंदाज बांधत होता.

गुहागरला पोचल्यावर इतर माणसं व्याडेश्वराला जातात, मग सुरूच्या बनातून किनाऱ्यावर. आप्पा आधी अंजनवेलला गेला. तिथल्या गोपाळगडावरून खाडीचं मुख दिसतं. शेजारीच तो वीजप्रकल्प, ज्याच्या पायी १९९० च्या दशकात एन्रॉन हे नाव गुहागरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ झालं होतं. आप्पानं प्रकल्पाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तटावर बसला, दप्तरातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि खाडी समुद्राला मिळते त्या रेषेकडे बघत राहिला. पाच मिनिटांनी म्हणाला, “तात्या, आपल्या टेलला एवढं आलं आस्तं तर?” तात्यांनी भाकरी चावता चावता विचारलं, “एवढं घेऊन बुडायचंय का?” मला दोघांचंही पटलं.

समुद्र खारट का, याची शास्त्रीय कारणं आहेत. आप्पाचं कारण वेगळं. नीरा कालव्याच्या हेडला ज्यांनी उसाला पाटानं रात्रंदिवस पाणी पाजलं, त्यांच्या जमिनी मीठ फुटून क्षारपड झाल्या, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे पहिली ओंजळ तोंडात घेऊन थुंकल्यावर त्याचा निकाल ताबडतोब लागला: “लई पाजलं की आसंच हुतं.” पुढं म्हणाला, बारामतीजवळ माळेगावला ताणाची संस्था आहे, त्यांना हे दाखवलं पाहिजे. संस्था आहे, केंद्र सरकारची आहे, दुष्काळ आणि क्षार यांनी पिकांवर येणाऱ्या ताणाचा अभ्यास करते. माणसांवर येणारा ताण तिथं घेत नाहीत, नाहीतर आप्पा केव्हाच दाखल झाला असता.

पण त्याला खऱ्या अर्थानं हलवलं ते भरतीनं. संध्याकाळी किनाऱ्यावर चप्पल काढून ठेवली होती ती सकाळी तिथं नव्हती. भरती-ओहोटी रोज दोनदा होते, ठरल्या वेळी होते आणि गुहागरपासून तवसाळपर्यंत किनाऱ्याच्या शेवटच्या दगडालाही पाणी पोचतं, हे मुक्कामाच्या घरमालकाकडून कळल्यावर तो वाहणा विसरला. दिवसाला दोन आवर्तनं! पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज नाही, पाणीपट्टी नाही, कालवा सल्लागार समितीची बैठक नाही. आणि पाणी टेलला! “वरचा कोण फोडत न्हाय?” त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. घरमालकानं पंचांगावरून भरतीचं गणित समजावलं. तिथीची पाऊण करायची की भरतीची वेळ निघते. आप्पानं ते दप्तरातल्या वहीत लिहून घेतलं. इंदापुरात त्याचा काय उपयोग, असं विचारायचं धाडस तात्यांनाही झालं नाही.

मग दोघं दक्षिणेकडे चालत निघाले. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. चढ लागला की चालायचं, उतार लागला की हात दाखवून एसटी थांबवायची, असा त्यांचा उलटाच हिशेब. चढावर एसटीचा वेग आपल्याइतकाच असतो, मग बसायचं कशाला? वाटेत पुण्याची दोन पोरं भेटली, पाठीवर डोक्याच्या वर जाणाऱ्या सॅका. केवढी आहे विचारल्यावर एकानं सांगितलं, साठ लिटर. आप्पानं मागून जाऊन सॅक दाबून पाहिली. “कोरडी हाय की!” पोरं चांगली होती, हसली. आम्ही हिवाळ्यात भिगवणला येतो, कुंभारगावला होडीत बसून फ्लेमिंगो बघतो, म्हणाली. आप्पा हळहळला. उजनीत एका पायावर दिवसभर उभं राहणाऱ्या, ना ऊस खाणाऱ्या ना पाणी अडवणाऱ्या पाखराला बघायला माणसं पैसे मोजतात, आणि त्याच पाण्यासाठी मोटार धरून रात्रभर दोन पायांवर उभा राहणाऱ्याला बघायला कुणी येत नाही, हे त्याचं जुनं दुखणं.

हेदवीला दशभुज गणेशाचं दर्शन झालं. खाली समुद्राकाठी बामणघळ आहे, कातळाला पडलेली अरुंद चीर. भरतीच्या लाटा तीत घुसतात आणि पाणी उसळून उंच उडतं. लोक त्याचे फोटो काढतात. आप्पा पहिल्या उसळीला मागं सरला, दुसरीला पुढं झाला आणि तिसरीला त्यानं उंचीचा अंदाज घेतला. मोटार नाही, ट्रान्सफॉर्मर जळत नाही, रात्रीच्या लाइटीची वाट बघायला नको, आणि पाणी वर! त्याच्या डोळ्यांपुढं इंदापूरकडची लाकडी-निंबोडीची उपसा योजना उभी राहिली असणार. “ह्याला लिफ्ट म्हणत्यात,” तो म्हणाला, आणि पुढची भरती येईपर्यंत तिथून हलायला तयार होईना.

रात्रीचा मुक्काम हेदवीच्या वरच्या अंगाला एका वाडीत झाला. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. आप्पानं पुडी सोडून ठेचा काढला तेव्हा यजमानांच्या डोळ्यांत पाणी आलं, कोकणातलं दुसरं पाणी. पाऊस किती पडतो, हा प्रश्न आलाच. तीन हजार मिलिमीटरच्या वर, यजमान म्हणाले. आप्पाकडे जेमतेम ५०० च्या आसपास, तोही मनात आलं तर. आप्पाचा घास थांबला. तेवढ्यात यजमानांच्या आई आतून म्हणाल्या, “पण एप्रिल संपला की आमच्या वाडीला टँकरच हो.”

टँकर! आप्पानं ताट बाजूला सरकवलं. जांभा दगड पाणी धरत नाही, सगळं उतारावरून समुद्राला जातं, विहिरी मेमध्ये तळ दाखवतात, हे सगळं त्यानं तीनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, “मंग तुमी आमचंच की!” आणि चुलीजवळच्या पाटावर खडूनं नकाशा काढायला घेतला. गुहागरला उत्तरेस वाशिष्ठीची खाडी, दक्षिणेस जयगडची, पश्चिमेस समुद्र. इंदापूर तालुक्याला उत्तरेस आणि पूर्वेस भीमा आणि तिच्यावरचा उजनीचा यशवंतसागर, दक्षिणेस नीरा. दोन्ही नद्या मिळतात ते नरसिंहपूर तालुक्याचं आणि पुणे जिल्ह्याचंही आग्नेयेचं टोक. तिथं संगमावर लक्ष्मी-नृसिंह बसला आहे. तीन बाजूंनी पाणी, पाण्याखाली गेलेलं जुनं पळसदेव, आणि मधल्या बावीस गावांत माणसं आवर्तनाची वाट बघतात. “तुमचं खारं हाय म्हणून पिता येत न्हाय. आमचं गोडं हाय तरी मिळत न्हाय.” यजमानांनी पाटाकडे पाहिलं, आप्पाकडे पाहिलं आणि आतून आणखी एक भाकरी मागवली.

माझ्या अंदाजानं त्या प्रवासात आप्पाला आवडलेली एकमेव गोष्ट म्हणजे तो टँकर. समुद्र, घळ, सुरूचं बन, तवसाळहून जयगडला नेणारी फेरीबोट, या सगळ्यांवर त्याचा शेरा एकच, “पाणी वाया.” टँकरबद्दल मात्र तो घरी येऊन आठवडाभर बोलत होता. कोकणी माणसाला आळशी म्हणणाऱ्या एकाशी तो निमगाव केतकीच्या पानाच्या बाजारात भांडलासुद्धा.

पुढचा बेत श्रीवर्धनचा आहे म्हणतात. तेव्हा सातारा-चिपळूण गाडीत किंवा ताम्हिणीच्या वळणांवर तुमच्या शेजारी स्पायडरमॅनचं दप्तर येऊन बसलं, तर खिडकीची जागा त्याला द्या, पूल सांभाळून दाखवा, ठेचा दिला तर बेतानं घ्या. फक्त “काय आप्पा, यंदा पाणी कसं आहे तुमच्याकडं?” एवढं विचारू नका. मुक्कामाचं गाव येऊन जाईल, तुम्ही उतरून जाल, पण उत्तर टेलला पोचलेलं नसेल.