नव्याचे नऊ, नोव्हेंबरचे अकरा

इंग्रजी शब्द पाठ करायचा सोपा मार्ग म्हणजे त्यांची भावकी लावणं. नॉर्मन लुईस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ १९४९ साली अमेरिकेत निघालं आणि अजून आपल्याकडच्या फुटपाथवर, परीक्षांच्या गाइडांच्या चळतीत, सुखाने नांदतं आहे. लुईस यांनी शब्दांची मुळं त्यांच्या इतिहासासकट सांगितली. पुढच्या गाइडवाल्यांनी इतिहास गाळला आणि अक्षरं तेवढी ठेवली. आता नियम असा की, चार अक्षरं जुळली की सोयरीक पक्की आणि अर्थ हुंड्यात मिळाला. हा नियम पारखून घ्यायला छत्तीसगडच्या राजधानीइतकी, म्हणजे नवा रायपूरइतकी, सोयीची जागा दुसरी नाही, कारण तिच्या नावातच त्या भावकीचा मूळपुरुष बसला आहे.

लॅटिनमध्ये ‘नोवुस’ म्हणजे नवा. त्यावरून नोव्हिस म्हणजे नवशिका, नॉव्हेल्टी म्हणजे नावीन्य, रिनोव्हेशन म्हणजे जुन्याला नवं रूप, आणि इनोव्हेशन म्हणजे सरकारी समारंभाच्या फलकावर असावंच लागतं ते. इथवर गाइड बरोबर आहे. मग येतो नोव्हेंबर. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी जन्मलं, तेव्हा नव्या राज्याला नवा महिना मिळाला असं कुणी उत्तरपत्रिकेत लिहिलं तर त्याला दोष कसा द्यावा? पण हा ‘नोव’ नऊचा, ‘नोवेम’चा. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून मोजत, तेव्हा तो नववा होता. पुढे तो अकरावा झाला, पाटी मात्र नवव्याचीच राहिली. पद बदललं तरी पाटी न बदलण्याची ही प्रथा रोमनांपासूनची आहे, एवढंच सचिवालयांच्या बाजूने सांगता येईल. संस्कृतातही ‘नव’ म्हणजे नवा आणि ‘नव’ म्हणजे नऊ. या दोघांचं खरंच नातं आहे का, यावर पंडितांचं एकमत नाही. मराठीने मात्र वाद न घालता ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणून दोघांना एकाच घरात नांदवलं. नोव्हाची गंमत आणखी वेगळी. १५७२ साली आकाशात अचानक झळकलेल्या ताऱ्याला टायको ब्राहेने नवा म्हटलं. तारा जुनाच होता, मरताना भडकला होता. म्हणजे सगळी अक्षरं जुळली, मूळही जुळलं, तरी अर्थ खोटा निघाला.

आता शहराकडे. आधी ते नया रायपूर होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये वाजपेयींच्या निधनानंतर अटल नगर झालं, आणि आता कागदोपत्री नवा रायपूर अटल नगर आहे. ‘य’ जाऊन ‘व’ आला, हिंदीची छत्तीसगढी झाली. मराठी वाचकाला तर हे नाव आपल्याच घरचं वाटेल. बदल गोड आहे, यात शंका नाही. मात्र इंग्रजी पाटीवर एन-ए-व्ही-ए वाचणारा गाइडभक्त त्याला नेव्ही आणि नेव्हिगेशनच्या रांगेत बसवणार, म्हणजे जहाजांत. राज्याला समुद्र नाही. मंत्रालयाचं नाव तेवढं महानदी भवन आहे.

कुणी म्हणेल, हे पंडिती खुसपट झालं. मुळं धरून शब्द लक्षात राहतात, पोरांना नोकरी लागते, तुमचं काय जातं? लक्षात राहतात हे मान्य. ‘फोबिया’ दिसला की भीती ओळखावी, माझी हरकत नाही. हरकत आहे ती ओळख झाली की चौकशी थांबते याला. याचा सगळ्यात महाग नमुना म्हणजे रिहॅबिलिटेशन. अक्षरांवरून तो हॅबिटाटचा, वस्तीचा भाऊ दिसतो आणि आपलं ‘पुनर्वसन’ही वस्तीचंच बोलतं: इथून उठवलं, तिथे बसवलं, फाइल बंद. पण त्याचं जवळचं मूळ ‘हाबिलिस’, म्हणजे समर्थ. एबल आणि एबिलिटी त्याच घरच्या. त्या अर्थाने रिहॅबिलिटेशन म्हणजे माणसाला पुन्हा कर्तंसवरतं करणं. २०२२च्या सुरुवातीला राजधानीसाठी जमिनी दिलेले शेतकरी याच शहरात मोबदला आणि पुनर्वसनासाठी धरणं धरून बसले होते. त्यांनी लॅटिन वाचलं नव्हतं, पण हॅबिटाट आणि एबिलिटी यांतला फरक त्यांना तोंडपाठ होता.

दुसरा आक्षेप शहराच्या बाजूने आहे आणि जास्त वजनदार आहे: शहरं एका रात्रीत उभी राहत नाहीत, सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नवी मुंबई भरायला दशकं लागली. खरं आहे. नेपल्स म्हणजे ‘नेआपोलिस’, नवं शहर, आणि ते अडीच हजार वर्षं नवंच आहे. म्हणूनच तर नुसतं ‘नवं’ म्हटल्याने काहीच सिद्ध होत नाही. मंत्रालय २०१२ साली इथे आलं, विधानसभेची नवी इमारत २०२५ साली, तीही १ नोव्हेंबरलाच.

तेव्हा परीक्षार्थींनो, ‘नोव’चे शब्द विचारले तर नोव्हेंबर वगळा, नोव्हापुढे प्रश्नचिन्ह टाका, आणि रिहॅबिलिटेशन न चुकता एबिलिटीच्या खाली लिहा. गुण कापले गेले तरी बेहत्तर.