आतिथ्य समिती

आंतरराष्ट्रीय परिषद म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे शोधनिबंध येतात. माझ्यापुढे पाण्याच्या बाटल्यांचे खोके येतात. नागपुरात भरलेल्या भूशास्त्राच्या एका परिषदेत मी आतिथ्य समितीत होतो. खरं तर समिती म्हणजे मीच. बाकीचे चौघे फक्त पत्रिकेवर होते.

पहिला घोळ तारखांचा. डिसेंबर ठरत आला होता, तेवढ्यात कुणीतरी आठवण दिली की डिसेंबरात नागपूर आपलं नसतं, विधिमंडळाच्या अधिवेशनाचं असतं. १९५३च्या नागपूर कराराने आम्हाला दरवर्षी एक अधिवेशन मिळालं आणि त्या दिवसांत हॉटेलात खोली न मिळण्याची हमीही. म्हणून जानेवारी. पहिलं विश्व हिंदी संमेलन १९७५ साली इथेच झालं, तेही जानेवारीतच. त्या संयोजकांनाही खोल्याच मिळाल्या नसतील, असा माझा दाट संशय आहे. मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम त्या संमेलनाला आले होते. त्यांच्या चहात साखर किती, हे कुणीतरी विचारलंच असेल ना? पण इतिहासात त्या माणसाचं नाव नाही.

पाहुण्यांसाठी मी माहितीपुस्तिका लिहिली. संत्र्याला पाऊण पान, झिरो माईलला अर्धं. शहर वसवणाऱ्या गोंड राजा बख्त बुलंद शाहाला दीड ओळ. जागाच उरली नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

झिरो माईलला मी पाहुण्यांना हौसेने नेलं. चार घोडे, एक खांब आणि १९०७ साली बसवलेला दगड. "हा भारताचा मध्य," मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. ऑस्ट्रेलियाच्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठल्या भारताचा?" फाळणीआधीच्या, असं म्हणताना माझा आवाज जरा पडला. नकाशा बदलला तरी घोडे तिथेच उभे आहेत, असं त्यांना सांगायला हवं होतं. ते सुचलं रात्री, अंथरुणात.

तर्रीपोह्यांची धास्ती सगळ्यांत मोठी. पोहे वेगळे, तर्री वेगळी, तर्रीत चमचा लहान, असा बंदोबस्त मी स्वतः उभं राहून केला होता. ब्राझीलच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चमचा बाजूला ठेवला आणि वाटीच पोह्यांवर उपडी केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण माणूस थांबेना.

त्याच प्राध्यापकांना घेऊन आम्ही कामठीकडच्या वालुकाश्माच्या खाणीवर गेलो. ते गुडघ्यांवर बसले, भिंग काढलं आणि दगडातल्या जिभेच्या आकाराच्या पानावर नाक टेकवलं. ग्लॉसोप्टेरिस. हेच पान ब्राझीलमध्ये, आफ्रिकेत, अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या खडकांतही सापडतं. सगळे भूभाग एकदा जोडलेले होते, त्याचा हा एक पुरावा. प्राध्यापक हरखून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, "गोंडवाना, गोंडवाना!"

आमचा ड्रायव्हर गाडीला टेकून खर्रा घोटत होता. त्याचा हात थांबला.

"काय म्हणून राहिले जी हे साहेब? आमचं नाव घेऊन राहिले का?"

तो गोंड. मी त्याला सांगितलं, १८७२ साली मेडलिकॉट नावाच्या आयरिश भूशास्त्रज्ञाने इथल्या खडकांना गोंडवनाचं नाव दिलं, मग ऑस्ट्रियाच्या स्यूसने तेच नाव अख्ख्या खंडाला लावलं. जगातल्या भूशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात ते आहे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने प्राध्यापकांकडे बोट केलं.

"म्हणजे हे साहेब आमच्याच राज्यातले निघाले ना!"

मी भाषांतर केलं. प्राध्यापक इतके हसले की भिंग हातातून पडलं. परतताना ते मागची सीट सोडून पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी कामठीपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत दोघांचं काहीतरी चाललं होतं. मला मागे शोधनिबंधांच्या गठ्ठ्याशेजारी जागा मिळाली.

समारोपाला शाल-श्रीफळ झालं, स्मृतिचिन्हं झाली. प्राध्यापक चार शब्द बोलायला उठले, माईक जवळ ओढला आणि हात जोडून म्हणाले, "जय सेवा!"

सभागृह चिडीचूप. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी पुस्तिकेकडे. मागे दारापाशी पाण्याचे खोके उतरवणाऱ्या एकाच माणसाने हात रिकामे केले आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "जय सेवा!"