जावईबापूंना लॉटरी लागली

एडिसन, न्यू जर्सी
6 एप्रिल 2025, रामनवमी

ती. अण्णा आणि आई यांना शि. सा. नमस्कार.

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहून घेते. काल फोनवर आई रडत होती की हसत होती, कळेना. मागून बंडूकाका ओरडत होते, "किती लागली विचार! डॉलरमधी विचार!" तर आधी त्यांना सांगा, निखिलला लॉटरी लागली हे खरं, पण ती व्हिसाची. एच-वन-बीचे वर्षाला 85 हजार परवाने आणि मागणारे लाखांनी, म्हणून इथलं सरकार संगणकावर चिठ्ठ्या काढतं. नाव निघालं की पैसे मिळत नाहीत, अर्ज करायची परवानगी मिळते. नुसतं नाव घालायची फी 215 डॉलर. गेल्या वर्षी 10 होती. कंपनीने भरली म्हणून वाचलो.

आणि तुम्ही रातोरात वाटण्यासुद्धा करून टाकल्या! आपल्या केमच्या उत्तरेश्वराला सोन्याचा कळस, ठीक आहे, देवाचं आहे. पण आत्याला करमाळ्यात बंगला कशाला? तिथलं पाणी सोसत नाही म्हणून तर ती कायमची आपल्याकडे राहिली ना? कुंकवाच्या कारखान्याला नवं मशीन, तेही समजलं. पण वंदे भारत केमला थांबवायची, हे डोकं कोणाचं? अण्णा, तुमचंच. ती कुर्डुवाडीला थांबते आणि तिथवर दादाने मोटारसायकलवर सोडायचं असतं. थांब्याला पैसा पुरत नाही, खासदार लागतो.

आता खऱ्या लॉटरीचं. 1969 साली मटक्याला उतारा म्हणून राज्य सरकारने लॉटरी काढली, तेव्हापासून आजोबा तिकीट घ्यायचे आणि आजी ती पत्र्याच्या डब्यात जपायची, "न लागलेली इस्टेट" म्हणून. तुमचं रक्त तेच. म्हणे, "पैसे पाठवतो, तिकडचं एक काढ." पाठवता येत नाहीत. लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशी पैसे धाडायला बंदी आहे. शिवाय इथल्या मेगा मिलियन्स लॉटरीचं तिकीट परवापर्यंत दोन डॉलरला होतं, कालपासून पाच. एका कागदाला सव्वाचारशे रुपये! तेवढ्यात मेथीच्या दोन जुड्या येतात, आणि त्या हमखास लागतात.

सगळ्यात मोठ्या बक्षिसाची शक्यता 29 कोटींत एक. त्यातूनही लागलंच, तर जाहिरातीतल्या आकड्याची आणि हातातल्या आकड्याची गाठ पडत नाही. 2022 मध्ये कॅलिफोर्नियात दुसऱ्या एका लॉटरीत एकाच तिकिटाला 204 कोटी डॉलर लागले. एकरकमी घ्यायचे तर 100 कोटींच्या आत, वर कर. पुरते हवेत तर 29 वर्षं हप्ते. उसाच्या बिलासारखंच, फक्त त्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. न्यू जर्सीत 2020 पासून विजेत्याला नाव गुप्त ठेवता येतं. कायदा करणाऱ्यांना बंडूकाका भेटलेले दिसत नाहीत.

थांबा, गॅस बंद करून आले.

एक गोष्ट फोनवर सांगवेना, म्हणून पत्र. ही लॉटरी लागली म्हणून मे महिन्यात आमचं येणं रद्द. वकील म्हणतो, अर्जाचा निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं तर व्हिसा बदलून मागायचा अर्ज सोडून दिला असं धरतात. आणि नवा व्हिसा सुरू होणार 1 ऑक्टोबरला. तोवर तुमचे आंबे संपलेले, आणि गच्चीवर झोपायचे दिवसही. ओवी व्हिडिओवर तुम्हाला बघून विचारत होती, "आजोबांचे हात लाल का? धुवत नाहीत?" काय सांगू तिला, ते धुतल्यावरच असे दिसतात. माझ्या प्रगतिपुस्तकावर तुमचा लाल अंगठा उमटलेला असायचा, मास्तर सहीकडे बघायचेसुद्धा नाहीत. परवा दुकानात कुंकवाची पुडी उघडून वास घेत उभी राहिले, तर मागची बाई विचारते, काही शोधताय का?

आई, शेंगाचटणी पोचली, अर्धी निखिलने नुसतीच खाल्ली. ताईच्या नणंदेचा मुलगा जेऊरचा की टेंभुर्णीचा, ते पक्कं कळव, दोघींनी दोन गावं सांगितलीत. म्हैस एवढ्यात विकू नका. आणि दादाने नवी बुलेट बुक केली असं वहिनीचं स्टेटस सांगतंय. कोणाच्या जिवावर, ते जरा विचारा.

तुमची,
सुमी