अपडेटराव

अपडेटरावांसमोर ‘फोकस चुकला वाटतं’ असं चुकूनही म्हणू नये. मी पुतण्याच्या मुंजीत म्हणालो. बटू धूसर आणि मागची समई लख्ख, असा फोटो आला होता. त्यांनी कॅमेरा हातातून घेतला, मेनूत खोल बुडी मारली आणि डॉक्टरांच्या आवाजात विचारलं, “व्हर्जन कुठलं?”

“कॅमेऱ्याचं?”

“बॉडीचं वेगळं, लेन्सचं वेगळं!”

भिक्षावळ तेवढा वेळ खोळंबली.

माणूस खोटं बोलत नाही, हीच अडचण. लेन्समधली मोटर तीच राहते. पण कुठल्या बाजूला, किती फिरायचं हा हुकूम बॉडीतून सुटतो. अपडेटने हुकूम देणारा शहाणा झाला की तीच लेन्स चाचपडणं सोडून झेप घेते. फुजीच्या एक्स-टी१ कॅमेऱ्याला २०१५ साली ४.० व्हर्जन मिळालं आणि तो हलत्या माणसाचा पाठलाग करायला शिकला. २०१९मध्ये सोनीच्या ए७-३ला ३.० मिळालं आणि त्याला कुत्र्यामांजरांचे डोळे सापडू लागले. ही सालं अपडेटरावांना तोंडपाठ. लग्नाचं मात्र वहिनींना विचारावं लागतं.

भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला आम्ही पहाटे होडीत बसलो. रात्री नवा अपडेट आला होता, तो यांनी होडीत चालू केला. पडद्यावर पट्टी सरकतेय, खाली ‘बंद करू नका’ अशी ताकीद, आणि समोरून रोहित पक्ष्यांचा थवा उठला.

“साहेब, उडाले!” होडीवाला ओरडला.

“थांब रे, त्रेसष्ट टक्के!”

गुलाबी-काळे पंख डोक्यावरून गेले. मी घाईघाईत एक फोटो मारला. त्यात होडीवाल्याची टोपी अप्रतिम आली आहे. अपडेटरावांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, “एक पॉइंट झीरो.”

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भेटायला गेलो तर म्हणाले, “लेन्स नवी, बॉडी जुनी.” लांबचं स्वच्छ दिसतंय, जवळचं नाही, या लेन्सला मोटर नाही. पुढे अपडेट येतो का, हे डॉक्टरांना विचारून झालं होतं. जवळच्या चष्म्याला अजून अवकाश होता.

मग उशीखालून मोबाइल निघाला. कॅमेरा कंपनीची नव्या अपडेटची नोट आली होती. “वाच रे जरा.”

जन्मात एकही अपडेट न केलेला मी, पलंगाशी बसून मॉडेल नंबरासकट वाचत गेलो. शेवटची ओळ होती, किरकोळ त्रुटी दूर केल्या आहेत.

“कुठल्या?”

“लिहिलं नाही.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. “परत वाच. पहिल्यापासून.”